कॅमेरा लांब, माइक जवळ

नमस्कार श्रोतेहो.

शाळा-कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी व्हिडिओ करणाऱ्या मुलामुलींशी आज बोलायचं आहे. मोठ्यांनीही ऐकायला हरकत नाही, कारण शूटिंगच्या वेळी पंखा बंद करा म्हणून शेवटी त्यांच्याच मागे लागावं लागतं.

आधी एक प्रयोग. आत्ता माझं तोंड माइकपासून वीतभर अंतरावर आहे. आता याच आवाजात बोलत मी दोन पावलं मागे सरकते. (मागे सरकून) ऐकताय ना? आवाज लहान झालाच, शिवाय तो थोडा पोकळही झाला. (पुन्हा जवळ येऊन) हा स्टुडिओ आहे, इथे भिंतींना आवाज शोषणारं अस्तर आहे. रिकाम्या वर्गात हेच केलं, तर विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखं ऐकू येईल.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी 6 डेसिबलने उतरते. म्हणजे 20 सेंटिमीटरवरचा माइक 160 सेंटिमीटरवर नेला, तर तुमचं बोलणं तब्बल 18 डेसिबल खाली जातं. पंख्याची घरघर मात्र होती तेवढीच राहते. मग एडिटिंगला बसून आवाज वाढवता, आणि त्याच्याबरोबर पंखाही वाढतो.

मोबाइलवर शूट करताना नेमकं हेच होतं. बोलणारा नीट फ्रेममध्ये यावा म्हणून फोन लांब ठेवावा लागतो आणि त्याचा माइकही तिथेच अडकतो. झूम केल्याने चेहरा जवळ येतो, माइक जागचा हलत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की चित्रासाठी एक यंत्र आणि आवाजासाठी दुसरं. कॉलर माइक असेल तर उत्तम. तो हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा आणि गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी त्यावर घासत नाही ना, ते बघा. नसेल तर मित्राचा फोन घ्या, एअरप्लेन मोडवर टाका आणि फ्रेमच्या अगदी कडेबाहेर, तोंडाच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या. बहुतेक फोनचा बोलण्याचा माइक खालच्या कडेला असतो, ती कड तोंडाकडे हवी. फोन खिशात ठेवून रेकॉर्ड करू नका, कापडाची खसखस नंतर कशानेच निघत नाही. ब्लूटूथ इअरफोनचा माइकही टाळा. तो फोनवर बोलण्यापुरता केलेला असतो, आणि आवाजही टेलिफोनसारखाच येतो.

दोन यंत्रं म्हटलं की ती जुळवायची कशी, हा प्रश्न येतो. दोन्ही सुरू करा आणि कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी वाजवा. ध्वनीच्या आलेखात तिथे सुईसारखं टोक दिसतं. ते टोक आणि तळहात एकमेकांना भिडल्याची फ्रेम एकाखाली एक आणली की काम झालं. फक्त एक सलग मोठा टेक घेऊ नका. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत एक नसतात, त्यामुळे हळूहळू ओठ आणि शब्द यांची फारकत होते. छोटे टेक घ्या, प्रत्येकाला टाळी द्या. आवाजाच्या सेटिंगमध्ये 48 किलोहर्ट्झ निवडा, व्हिडिओसाठी तेच रूढ आहे.

माइक जवळ आणला की एक नवी कटकट सुरू होते. प, फ, ब, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो. 'भरभर फुगे फुगवले' असं म्हणून तोंडासमोर तळहात धरा, कळेल. तो झोत माइकवर आदळला की धप्प असा आवाज येतो. झोत सरळ समोर जातो, आवाज मात्र सगळीकडे पसरतो. म्हणून माइक तोंडाच्या थेट पुढे न धरता जरा बाजूला धरा.

पातळी किती ठेवायची? रेकॉर्डिंगच्या मीटरवर सर्वांत मोठं वाक्य उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्य हे छत आहे. त्यावर आवाज कापला जातो आणि कापलेला आवाज नंतर परत येत नाही. चाचणी घेताना सगळे हळू बोलतात आणि खऱ्या टेकला ओरडतात, तेव्हा चाचणीलाच ओरडून घ्या! फोनला पातळी आपोआप ठरवू दिली, तर तुम्ही थांबलात की तो पंख्याचा आवाज वर उचलतो. हाताने पातळी ठरवता येणारं ॲप मिळालं तर तेच वापरा.

खोली निवडताना टाळी वाजवून बघा. मागे झणझण उरली तर दुसरी खोली शोधा. पडदे, गाद्या, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, हे सगळं चालतं. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायचा खटाटोप मात्र करू नका, त्याने फारसं काही शोषलं जात नाही.

आणि हेडफोन लावा. गजबजाटातही आपण समोरच्याचंच बोलणं निवडून कसं ऐकतो, याचे प्रयोग ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉलिन चेरी यांनी 1953 साली प्रसिद्ध केले. ती निवड आपला मेंदू दोन कानांच्या मदतीने करतो. माइककडे मेंदू नाही. खोलीत तुम्हाला न जाणवणारा फ्रिज हेडफोनमध्ये लगेच सापडतो.

गोंगाट काढून टाकणारं सॉफ्टवेअर आहे की, असं कुणी म्हणेल. आहे. पण स, श, फ ही अक्षरं मुळातच फुसफुशीत, गोंगाटाला जवळची. जोर लावला की सॉफ्टवेअर तीही खातं आणि माणूस पाण्याखालून बोलू लागतो. थोडंसंच वापरा. त्यापेक्षा प्रत्येक जागी कुणीही न बोलता 30 सेकंद रेकॉर्ड करून ठेवा. दोन वाक्यांमधली फट बुजवायला तोच तुकडा लागतो, एकदम शांतता आली तर कानाला खटकतं.

एडिटिंग संपलं की व्हिडिओ अशा माणसाला ऐकवा ज्याने तुमची संहिता वाचलेली नाही. तुम्हाला प्रत्येक शब्द पाठ असतो, त्यामुळे तुमचा कान फसतो. त्याला पडदा दाखवू नका. जिथे तो 'काय म्हणाला?' असं विचारेल, ते वाक्य त्याच खोलीत, त्याच माइकवर, तेवढ्याच अंतरावरून पुन्हा रेकॉर्ड करा.