आधी दिवा, मग रंगाचा डबा

(व्यापारी मेळाव्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘रंग आणि मांडणीतून दुकानाची ओळख’. मांडणीवर मी येणार आहे, नक्की येणार आहे. पण दिवाळीआधी दुकान रंगवायचं तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या डोक्यात असणार, म्हणून आधी दिव्यांबद्दल बोलू द्या. रंगाचा डबा आधी उघडला की पुढचं सगळं चुकतं.

कापडवाल्यांना हे दृश्य रोजचं आहे. साडी पसंत पडते, पदर खांद्यावर टाकून आरशात बघून होतं, भावसुद्धा ठरतो. आणि मग बाई म्हणतात, ‘जरा उजेडात बघते हं.’ साडी घेऊन थेट दारात! आत दहा ट्यूब जळतायत, विजेचं बिल तुम्ही भरताय, आणि उजेड कुठे, तर रस्त्यावर. आपण हसतो, पण बाईंचं बरोबर असतं.

नेहमीच्या पांढऱ्या एलईडीत एक निळी चिप असते आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा लेप. दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं भासतं. पण स्वस्त मालात त्या पांढऱ्यात गडद लाल फारच थोडा असतो. दिव्यातच जो रंग नाही तो कापडावरून परत कुठून येणार? मग कुंकवासारखा लाल विटकरी दिसतो, डाळिंबी तपकिरीकडे झुकतो. ट्रायल रूममध्ये तोच दिवा असला तर गिऱ्हाइकाचा चेहराही आजाऱ्यासारखा दिसतो, आणि दोष जातो ड्रेसवर.

खोक्यावर बारीक अक्षरात ‘सीआरआय’ म्हणून एक आकडा असतो. रंग कितपत खरे दिसतील त्याचा तो आकडा, १०० पैकी. बाजारात ८० वाले दिवे ढिगानं मिळतात. यातली गोम अशी की हा आकडा आठ फिकट रंगांच्या नमुन्यांच्या सरासरीवरून काढतात. गडद लाल हा नववा नमुना, तो सरासरीत धरतच नाहीत. म्हणजे पोरगं गणितात नापास, पण गणित सोडून टक्केवारी काढली म्हणून पहिल्या वर्गात! आणि आपला धंदा कशावर? शालू, पैठणी, कुंकू, बांगड्या; सगळा लालाचा. तेव्हा सीआरआय ९० मागा आणि नवव्या नमुन्याचा आकडा, त्याला ‘आर ९’ म्हणतात, निदान ५० आहे का ते विचारा.

दुसरा आकडा केल्विनचा. उजेड पिवळसर की निळसर हे तो सांगतो; आकडा कमी तर पिवळसर, जास्त तर निळसर पांढरा. कापडाला ४०००. सोनं, लाकडी वस्तू, मिठाई यांना ३०००. चांदीला आणि स्टीलच्या भांड्यांना ५००० च्या वर चालतं. ६५०० चा पांढराफटक दिवा लावला की पेढा शिळा दिसतो, सकाळी केलेला असला तरी. आणि एका छताला दोन जातीचे दिवे नकोत. एक ट्यूब जाते, पोरगा कोपऱ्यावरून मिळेल ती आणतो, आणि वर्षभरात छत निळं-पिवळं चितकबरं होतं. दिवे घेतानाच त्याच लॉटचे दोन जास्त घेऊन माळ्यावर ठेवा.

किती दिवे? १० बाय २० चा गाळा धरा, म्हणजे साधारण साडेअठरा चौरस मीटर. लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्यूमेन, आणि ल्यूमेन हे दिव्याच्या उजेडाचं माप. मालावर ५०० लक्स उजेड हवा तर सव्वानऊ हजार ल्यूमेन प्रत्यक्ष खाली पोचले पाहिजेत. भिंती, धूळ आणि कपाटं बराच उजेड खातात, म्हणून १४ हजारांची सोय करा. २० वॉटची चांगली ट्यूब दोन हजारांच्या आसपास देते. म्हणजे सात ट्यूब. आता तुमच्याकडे दहा असतील तर तीन काढा आणि त्या पैशात स्पॉटलाइट घ्या. सगळीकडे सारखा लख्ख उजेड असला की नजर कुठेच थांबत नाही. जे दाखवायचं त्यावर बाकीच्यापेक्षा तिप्पट उजेड असला तर थांबते.

स्पॉट पुतळ्याच्या बरोब्बर डोक्यावर नको. डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि पुतळा भुतासारखा दिसतो. फार तिरका केला तर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर येतो. उभ्या रेषेपासून ३० अंश. पुतळ्याच्या छातीपासून छत साडेचार फूट वर असेल तर दिवा पुतळ्याच्या अडीच फूट पुढे. इलेक्ट्रिशियनला अंश सांगू नका, फूट सांगा.

आता रंग. इथे मला पॅरिसला जावं लागतं, दोन मिनिटं द्या. तिथे गोबलँ नावाचा भित्तिवस्त्रं विणणारा जुना सरकारी कारखाना आहे. १८२४ साली तिथल्या रंगखात्यावर शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ नेमला गेला. विणकरांच्या तक्रारी त्याच्यापुढे आल्या. त्यातली एक अशी, की तुमच्या काळ्या रंगात दम नाही. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत वापरला की मेलेला दिसतो. शेव्हरलनं काय करावं? दुसऱ्या कारखान्यांतली, परदेशातलीही काळी लोकर मागवली आणि शेजारी ठेवून तपासली. गोबलँचा काळा कुठेच कमी नव्हता! म्हणजे रसायनात खोट नव्हती. खोट शेजाऱ्यात होती. गडद निळ्याशेजारी काळा ठेवला की डोळा त्या काळ्यावर निळ्याच्या उलट रंगाची, नारिंगीची, छटा चढवतो, आणि काळा गंजल्यासारखा दिसतो. यावर त्यानं पुढे अभ्यास केला आणि १८३९ मध्ये शेजारच्या रंगांचा नियम पुस्तकरूपानं मांडला. गृहस्थ १०२ वर्षं जगला. आयफेल टॉवरवर ७२ शास्त्रज्ञ-इंजिनिअरांची नावं कोरली आहेत, त्यात याचंही आहे. रंगाऱ्याचं नाव एवढ्या उंचीवर आपल्याकडे कुठे दिसतं सांगा.

हे सांगितलं कशासाठी, तर आपल्या भाजीवाल्या मावशींना शेव्हरल कधीच कळलेला आहे. टोमॅटोवर लाल ताडपत्री. तिच्यातून गाळून आलेलं ऊन टोमॅटोला आणखी लाल करतं. संत्र्याची जाळी लाल-नारिंगी असते, ती हिरवी छटा झाकते. लिंबाला लाल जाळी घालून बघा, लिंबं विचित्र दिसतील. मालाशेजारी काय आहे त्यावर मालाचा रंग ठरतो, हे रस्त्यावर कळतं आणि फॉल्स सीलिंगखाली विसरलं जातं.

दुकानाचा रंग लाल आहे म्हणून चारही भिंती लाल रंगवतात. मग पांढरे शर्ट गुलाबी दिसतात, कारण भिंतीवर आपटलेला उजेड भिंतीचा रंग घेऊनच मालावर येतो. तपासायची रीत साधी. पांढरा हातरुमाल भिंतीपासून वीतभर अंतरावर धरा आणि त्याच्या भिंतीकडच्या बाजूला पाहा. रुमाल रंगला तर माल रंगणार. म्हणून मालामागे फिका करडा किंवा मोतिया रंग, तोही मॅट. चकचकीत ऑइल पेंटवर स्पॉटचे डाग पडतात. दुकानाचा खास रंग फक्त तीन ठिकाणी: पाटी, गल्ल्यामागची एक भिंत आणि पिशवी. ती भिंत १० बाय १० ची असेल तर दोन हातांना दोन लिटर पुरतो. मात्र पेंटरनं आधी लांबी, म्हणजे पुट्टी, आणि प्रायमर केलाय का ते बघा. तो टाळला तर भिंत रंग पिते, डबे वाढतात आणि ठिगळं दिसतात.

आणि रंग डोळ्यानं कालवू देऊ नका. ‘साहेब, तोच बनवून देतो’ म्हणून पेंटर स्टेनर, म्हणजे छटा आणणारा दाट रंग, ओततो. दोन वर्षांनी कोपरा उखडला की तोच रंग पुन्हा जन्मात होत नाही. शेड कार्डावरचा नंबर, कंपनी, मॅट की ग्लॉसी, हे सगळं वहीत लिहा.

आता माझं जुनं वैर. फ्लेक्स. फ्लेक्स निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शायांतून छापतात. उन्हात किरमिजी आणि पिवळा आधी उडतात, निळा मागे राहतो. म्हणून आपल्या बाजारपेठेतल्या जुन्या फलकांवर सगळ्या वधू निळ्या पडलेल्या असतात. दागिन्यांसकट! पश्चिमेकडे तोंड असलं की आणखी लवकर. आणि संगणकावर पाहून पसंत केलेला झळझळीत नारिंगी त्या चार शायांत बसतच नाही, तो विटकरी होऊन येतो. छापायच्या आधी एक फुटाचा तुकडा छापून घ्या आणि तो उन्हात धरून मंजूर करा. परवडत असेल तर फ्लेक्सच नको. ॲल्युमिनिअम पॅनेलवर ॲक्रिलिकची सुटी अक्षरं करा. अक्षरं कमी असली की खर्चही कमी, म्हणून पाटीवर ‘होलसेल व रिटेल, सर्व प्रकारचे’ वगैरे महाभारत नको.

मराठी पाटीचा कायदा माहीतच आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांनाही तो लागू झाला, आणि देवनागरी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. पण कायद्यापुरती पाटी करणारे रोमन अक्षरांच्या मापानं देवनागरी बसवतात. वेलांटी, मात्रा, रफार वर जातात, उकार खाली, आणि मधलं मूळ अक्षर चिरडतं. दहा फुटांवरून वाचायला एक इंच अक्षर असा ठोकताळा आहे. देवनागरीला दीड इंच धरा आणि शिरोरेषेपासून खाली मोजा. ४० फुटांच्या रस्त्यापलीकडून वाचायचं तर सहा इंच. निळ्यावर लाल अक्षर कधीच नको, ते डोळ्यांसमोर नाचतं.

...चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे जो विषय छापलाय तो दहा मिनिटांत. बरं.

शोकेस. दिवसा काचेत समोरचा रस्ताच दिसतो, कारण बाहेर ऊन आणि आत अंधार. काळा पडदा लावला तर काचेचा आरसाच होतो. मागचा पडदा फिका ठेवा, आतले दिवे दिवसाही चालू ठेवा आणि काचेवर छज्जा किंवा कनात घाला.

एका वेळी एकच गोष्ट दाखवा. दुचाकीवाला ताशी ३० किलोमीटरनं गेला तर तुमची दहा फुटी दर्शनी काच अर्ध्या सेकंदाच्या आतच मागे पडते. त्यात १४ साड्या लटकवल्या तर तो एकही बघत नाही. तीन उंच्या करा: एक पुतळा, एक कमरेएवढा स्टूल, एक तळाशी. मुख्य वस्तू जमिनीपासून साडेचार ते पावणेपाच फुटांवर, बाईच्या नजरेसमोर. एकतृतीयांश जागा मोकळी. मोकळी म्हणजे मोकळी, मुलगा तिथे रिकामी खोकी ठेवेल, ठेवू देऊ नका.

वस्तू टांगायला मासेमारीचा नायलॉन दोरा, पण दोन ठिकाणी बांधा; एका दोऱ्यावर वस्तू पंख्यानं गोल फिरते आणि गिऱ्हाइकाला कायम पाठ दाखवते. साडी शोकेसमध्ये आठ दिवसांवर नको, घडीच्या कडेवर उन्हाची रेघ उमटते आणि तो नग तुमच्याच माथी.

नवरात्र. पहिले सात रंग वारावरून ठरतात: रविवार नारिंगी, सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार करडा. म्हणजे यादी छापून यायची वाट न बघता माल भरता येतो. रात्री दुकान बंद करताना दुसऱ्या दिवशीची शोकेस लावा. सकाळी कामाला निघालेल्या बायका आठ वाजता जातात, तुमचं शटर दहाला उघडतं. जाळीचं शटर असेल तर रात्रभर एक दिवा चालू ठेवा. शनिवारचा करडा अवघड, कारण मागचा पडदाही करडा. त्या दिवशी पडदा पांढरा आणि शेजारी पिवळ्याधमक झेंडूची एक माळ. करडा लगेच निळसर होतो, रेशमी वाटतो. शेव्हरल कामाला आला की नाही?

पिशवी राहिलीच. खाकी कागदावर हळदी रंग छापू नका. कागदाचा तपकिरी खालून वर येतो आणि हळदीचं शेण होतं. एक तर पांढऱ्या कागदावर तुमचा रंग, नाहीतर खाकीवर नुसता काळा. आणि पिशव्या चौरस मीटरला ४० ग्रॅम भरणाऱ्या पातळ कागदाच्या नकोत. स्टीलचा डबा त्यात घातला की दारापर्यंतही पोचत नाही, तळ सुटतो.