तिवराची कोशिंबीर का होत नाही?

पेशीची आकृती काढताना मुलं तंतुकणिका मन लावून रंगवतात. केंद्रक तर मधोमध थाटात असतंच. रिक्तिकेच्या वाट्याला मात्र एक वर्तुळ आणि एक बाण, झालं काम! दोष नावाचा आहे. जुन्या सूक्ष्मदर्शकांतून तिथे काही दिसेना, म्हणून ती ‘रिकामी’ ठरली. प्रत्यक्षात पूर्ण वाढलेल्या वनस्पतिपेशीत अनेकदा ८० ते ९० टक्के जागा तिचीच असते आणि बाकीची अंगकं कडेला अंग चोरून बसतात. लिंबाचा आंबटपणा, बिटाचा रंग, सगळं साठतं ते तिच्यातच.

आज घरी गेलात की काकडीच्या चकत्या करा आणि वर मीठ भुरभुरा. दहा-पंधरा मिनिटांत ताटलीत पाणी सुटेल. ते बहुतेक रिक्तिकेतलं. बाहेर मीठ जास्त झालं की परासरणाने आतलं पाणी तिकडे ओढलं जातं. पेशीभित्तिकेला आतून ताणून धरणारं पाणीच गेलं, की चकती लुळी पडते. कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी घाला, असं घरची मंडळी सांगतात ते याचसाठी.

आता सांगा, आपल्या ठाण्याच्या खाडीत तिवर, म्हणजे खारफुटीचं झाड, जन्मभर खाऱ्या पाण्यात उभा असतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ. खाडीत ते भरती-ओहोटीनं आणि पावसानं कमी-जास्त होतं. मग त्याची कोशिंबीर का होत नाही?

बरंचसं मीठ तो मुळाशीच अडवतो. जे आत येतं, त्याचाच तो उपयोग करून घेतो. आतला खारेपणा बाहेरच्यापेक्षा चढा ठेवला, की पाणी आत येत राहतं. पण मीठ पेशीभर मोकळं सोडून चालत नाही. तिवराची विकरं (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) काही पोलादाची नाहीत; सोडियमने ती आपल्या वाटाण्याच्या विकरांइतकीच बिघडतात. म्हणून सोडियम रिक्तिकेत कोंडायचं. तिच्या पटलावरचे पंप एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्चून प्रोटॉन आत ढकलतात. मग प्रोटॉन बाहेर सोडायचा आणि त्या बदल्यात सोडियम आत घ्यायचं, असा रोखठोक व्यवहार चालतो. मीठ एका बाजूला कोंडल्यावर पेशीद्रव्यातलं पाणीही रिक्तिकेत खेचलं जाईल, ही अडचण उरतेच. तिच्यावर तोड म्हणून तिवर पेशीद्रव्यात ग्लायसिन बीटेन नावाचा, पाणी धरून ठेवणारा पण निरुपद्रवी पदार्थ साठवतो. मला विचाराल तर सगळ्यात हुशारीची गोष्ट ही.

तरीही उरलेलं मीठ पानांवरच्या लवणग्रंथी बाहेर टाकतात. त्या पेशींत ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांची गर्दी असते, कारण हे काम फुकट होत नाही.

कोरड्या दिवसांत दुपारी कधी कोपरीकडे खाडीवर गेलात, तर तिवराचं पान न तोडता नुसतं उलटसुलट करून पाहा. चाखू मात्र नका, खाडीत काय काय येऊन मिळतं ते ठाणेकरांना मी सांगायला नको. बोट फिरवा. पांढरे कण खरखरीत लागतील.