शाळा पाड्यावर आली : अनुताई वाघ

(दृश्य : कोसबादची टेकडी, सकाळ. खाली चिकूच्या वाड्या, पश्चिमेला समुद्राची पुसट रेघ.)

निवेदन :
डहाणू तालुका. एका अंगाला घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या आणि समुद्र. दुसऱ्या अंगाला वारली आदिवासींचे पाडे, एक संपला की दुसरा. मधे ही कोसबादची टेकडी.

1956-57च्या सुमारास दोन बाया आपलं चंबूगबाळं घेऊन इथं राहायला आल्या. ताराबाई मोडक पासष्टीच्या घरात होत्या. अनुताई वाघ त्यांच्याहून अठरा वर्षांनी लहान. बालशिक्षणात ताराबाईंचं नाव तेव्हाच मोठं झालेलं होतं. गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी 1926मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला होता. विचार त्यांचा, हे अनुताईही सांगत. पण तो विचार पाड्यापाड्यावर पायी नेला तो अनुताईंनी, आणि आज आपण अनुताईंविषयीच बोलणार आहोत.

(दृश्य : मोरगाव. मयूरेश्वराच्या देवळाचा कळस, गल्ली, एक जुनं दार.)

निवेदन :
जन्म 17 मार्च 1910, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत नवरा गेला. त्या काळात अशा पोरीचं पुढे काय व्हायचं, ते वेगळं सांगायला नको. ही पोर मात्र शाळेत गेली. फायनल, म्हणजे तेव्हाची सातवीची परीक्षा, पास झाली, शिक्षिकेचं ट्रेनिंग केलं, चांदवड तालुक्यात मास्तरीण झाली, मग पुण्यात हुजूरपागा या मुलींच्या शाळेत. मॅट्रिक केलं ते नोकरी करता करता, रात्रीच्या शाळेत बसून. दिवसा फळ्यासमोर उभं राहायचं आणि दिवेलागणीनंतर बाकावर बसायचं, असा तो क्रम.

हुजूरपागेतली नोकरी म्हणजे बांधलेला पगार, शहरात राहणं, ओळखीची माणसं. पुढचं आयुष्य सरळ गेलं असतं.

(दृश्य : बोर्डीचा किनारा, सुरूची झाडं. मग गावातली एक गल्ली, शेणानं सारवलेलं अंगण.)

निवेदन :
1945मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविकांचं शिबिर होतं. तिथं ताराबाई भेटल्या. त्यांना खेड्यात बालवाडी काढायची होती आणि सोबत माणूस हवं होतं. अनुताई हो म्हणाल्या आणि बोर्डीला आल्या.

त्याच 1945 साली याच मुलखात वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर पाड्यापाड्यांतून फिरत होत्या. तो लढा जमिनीचा आणि मजुरीचा. त्याची गोष्ट स्वतंत्रपणे सांगावी एवढी मोठी आहे, इथं फक्त वर्ष लक्षात ठेवायचं.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण वस्तीतली मुलं काही येईनात. कोण आणून सोडणार? आईबाप उजाडायच्या आत कामावर. तेव्हा बाईच उठून वस्तीत जाऊ लागल्या. कुणाचं तरी अंगण, तेच वर्ग. अंगणवाडी उभी राहिली ती या गरजेतून, कुठल्या समितीच्या अहवालातून नव्हे.

(दृश्य : जवळून. एका मुलाचा हात बाईंच्या तळहातावर. नखं कापली जात आहेत. नखांत माती. मुलगा कॅमेऱ्याकडे बघतो आहे.)

निवेदन :
या दृश्यावर जरा थांबू या. अंगणवाडीचा पहिला तास हा असा असे. आधी हात-पाय-तोंड धुणं. मग नाक साफ करणं, डोक्यातला गुंता सोडवणं, नखं कापणं. खरूज असेल तर औषध. अक्षरं त्याच्यानंतर. आपल्याला कुणी तरी हात लावतं, ओरडत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतं, एवढं मुलाला कळलं की ते पुढे सरकून बसतं. मूल आधी बाईंना ओळखतं, मग बाराखडीला, हे ज्यानं पहिलीचा वर्ग घेतलाय त्याला पटेल.

(दृश्य : सुपात शंख-शिंपले. चिंचोके, गुंजा, बांगड्यांच्या काचा. मुलं रंगांप्रमाणे ढीग करत आहेत.)

निवेदन :
माँटेसरी पद्धतीत मूल साधनं हाताळत शिकतं. पण ती साधनं महाग. गुळगुळीत ठोकळे, रंगवलेल्या पट्ट्या, मोजून-मापून केलेली. ती डहाणूच्या पाड्यावर कुठून यायची? ताराबाई आणि अनुताईंनी साधनामागचा हेतू तेवढा धरला. लहान-मोठं ओळखायचंय ना, मग शिंपले लावा ओळीनं. खरखरीत आणि मऊ कळायला हवं, तर झाडाची साल आणि सावरीचा कापूस चालतो. मोजायला चिंचोके, रांगोळीला पानं-फुलं. किनारा जवळ, जंगल पाठीशी, सामानाला तोटा नव्हता.

(दृश्य : माळ. गुरं चरत आहेत. एका झाडाखाली पाच-सात मुलं, एकाच्या हातात काठी.)

निवेदन :
कोसबादला आल्यावर निराळाच पेच. इथली पोरं घरी नसतच. गुरांमागे रानात गेलेली. मुलगा शाळेत बसला तर गुरं कोण राखणार, आणि गुरं नाही राखली तर घरात दाणा कुठून येणार? बापाला शिक्षणाचं महत्त्व पटवून काय उपयोग, त्याला ते पटलेलं असलं तरी ढोरं राखणाऱ्याविना उभी राहणार.

मग गुरुजी आणि बाई कुरणात जाऊ लागले. झोळीत मावेल तेवढी शाळा : पाट्या, खडू, चित्रं, एखादं गोष्टीचं पुस्तक. झाडाखाली वर्ग. गाय भाताच्या खाचराकडे वळली की गुराखी विद्यार्थी अर्ध्या वाक्यातून उठून धावणारच, त्याला रागवायचं नाही. तो परत आला की वाक्य पुढे चालू. हिशेब गुरांचा, भूगोल ओढ्याचा आणि उताराचा. तीच कुरणशाळा.

मुलींचं आणखी वेगळं. सात-आठ वर्षांच्या मुलीच्या काखेत कायम एक मूल. तिला शाळेत आणायचं तर त्या लहानग्याची सोय आधी. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणली, विकासवाडी म्हणून. ताई वर्गात, धाकटा पाळण्यात, मधला शिंपल्यांशी खेळतोय. अख्खी भावंडं शाळेत. शाळा नावाची गोष्ट घरातली पोरं एकमेकांपासून तोडून घेऊन जाते, असं आईला वाटू नये, हे यात साधलं. माझ्या मते अनुताईंच्या साऱ्या कामात हे सर्वांत शहाणपणाचं.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. ताराबाई खुर्चीत, शेजारी अनुताई. मग मुलांच्या घोळक्यात अनुताई, चष्मा, साधं लुगडं.)

निवेदन :
या टेकडीवर अनुताईंचा संसार झाला. सासर नाही, पोटची मुलं नाहीत, पण घर भरलेलं. ताराबाई त्यांच्या गुरू, आणि वय झाल्यावर सांभाळायचं माणूसही त्याच. शिकायला येणाऱ्या बालसेविका, टेकडीवर राहणारी मुलं, कुणाचं दुखणं, कुणाचं लग्न. यात स्वतःचा अभ्यास सुटला नाही. एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठातून त्या बी.ए. झाल्या 1961मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी. डोळ्यांचं दुखणं होतं, तरी. एवढा हट्ट नसता तर कोसबाद झालंच नसतं.

31 ऑगस्ट 1973ला ताराबाई गेल्या. पुढची एकोणीस वर्षं टेकडीची सगळी जबाबदारी अनुताईंवर. लिहिणं, बालसेविकांना शिकवणं, पाड्यांवरच्या बायकांचे प्रश्न, सगळं सुरूच.

(दृश्य : अंगणवाडी केंद्राची पाटी. आत पोषण आहाराची पातेली, वजनकाटा, रजिस्टरांची चळत.)

निवेदन :
2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, 33 प्रकल्पांपासून. तिच्या केंद्रांना अंगणवाडी म्हणतात. आज अशी लाखो केंद्रं आहेत.

अनुताईंना पद्मश्री मिळाली, आणि 1985मध्ये जमनालाल बजाज पुरस्कार. 27 सप्टेंबर 1992 रोजी अनुताई गेल्या.

(दृश्य : सेविका रजिस्टर भरते आहे. शेजारी एक मूल तिचा पदर ओढतंय.)

निवेदन :
मुलांना गोळा करणं, वजन घेणं, गरोदर बायांच्या नोंदी, लसीकरणाचा निरोप, आहाराचा हिशेब आणि त्यातून वेळ काढून गाणी-गोष्टी, हे सगळं अंगणवाडी सेविका करते. सरकारदरबारी ती कर्मचारी नाही, मानसेवी आहे. तिला मिळतं ते मानधन, पगार नव्हे. ते वाढवून घ्यायला तिला अधूनमधून आझाद मैदानावर येऊन बसावं लागतं.