कर्नाळा: पावसाळ्यातला पाहुणा

पनवेल मागे पडलं की गोव्याच्या रस्त्यावरून एक सुळका दिसू लागतो. हाताचा अंगठा वर केल्यासारखा. हा कर्नाळा किल्ला. गड चढायला लोक हिवाळ्यात येतात. पायथ्याचं रान मात्र बघावं ते पावसातच.

१९६८ साली हे पक्षी अभयारण्य झालं तेव्हा ते जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचं होतं. पुढे हद्द वाढली, तरी आजही बारा चौरस किलोमीटरच आहे. महामार्ग तर थेट त्याच्या पोटातून जातो. फाटकापाशी ट्रकच्या हॉर्नशिवाय काही ऐकू येत नाही. आत पायवाटेला लागलं की हळूहळू तांबटाची टुकटुक कानावर येते, मग ओढ्याचा खळखळाट.

याच ओढ्यासाठी एक पाहुणा येतो. तिबोटी खंड्या. रायगड जिल्ह्याचा मानाचा पक्षी. चिमणीहूनही लहान. जांभळट निळी पाठ, पिवळं पोट, लालभडक चोच. पायाला बोटं तीनच, म्हणून तिबोटी.

त्याचं सगळं गणित मातीवर चालतं. दोन-चार चांगल्या सरी पडल्या, ओढ्याची दरड भिजून मऊ झाली, की नर-मादी दोघंही चोचीनं बीळ कोरायला लागतात. तेवढ्याशा चोचीनं हातभर खोल! आतल्या पिल्लांना मग पाली, बेडूक, खेकडे, सापसुरळ्या असा खाऊ. खंड्या म्हणजे मासेखाऊ, हा आपला समज इथे पार खोटा ठरतो.

हे बघायला माणसं येतात, कॅमेरे येतात. आम्हीही आलो, ही फिल्म करायला. पहिल्याच दिवशी चोचीत सापसुरळी धरून तो समोरच्या वेलीवर येऊन बसला. आम्हाला वाटलं, छान पोज मिळाली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तो हलेना. सापसुरळीची शेपटी चोचीतून लोंबत होती, अंग पावसानं भिजलं होतं आणि नजर आमच्यावर खिळली होती. तो पोज देत नव्हता. आमच्या जाण्याची वाट बघत होता. बिळात पिल्लं भुकेली होती.

आम्ही ट्रायपॉड उचलला आणि वळणापलीकडे, झाडीआड गेलो. म्हणून या फिल्ममध्ये त्याच्या बिळाचं जवळून घेतलेलं एकही दृश्य नाही. आहे ते एवढंच: लांबून दिसणारी ओली दरड, टपटपणारी पानं आणि क्षणभर, डावीकडून उजवीकडे, एक निळी रेघ.