कंसातलं नाव

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली डासाचा पंख, पूर्ण पडद्यावर)

डासाच्या शास्त्रीय नावात कंसात लिहितात ती उपप्रजाती, म्हणजे सबजीनस. ती कशी ओळखायची ते बघू. हा ॲनाफिलीस, म्हणजे मलेरियाच्या डासाच्या मादीचा पंख. पुढची जाड कड म्हणजे कॉस्टा, तिच्या लगत पहिली शीर. आता गडद डाग मोजायचे, पण या दोन्ही शिरांवर पसरलेले तेवढेच. नुसत्या कॉस्टावरचा ठिपका धरायचा नाही. एक, दोन, तीन... चार. चार किंवा जास्त भरले की उपप्रजाती सेलिया. चाराच्या आत राहिले तर उपप्रजातीचंही नाव ॲनाफिलीसच.

मराठीत इथंच घोळ होतो. परिभाषेत प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. उपप्रजाती ही या दोघींमधली पायरी. वर्तमानपत्रं मात्र सर्रास जातीलाच प्रजाती म्हणतात.

(दृश्य: कागदी त्रिकोण, टाचणी, डिंकाचा थेंब)

टाचणी डासाच्या अंगातून जात नाही. जाते ती जाड कागदाच्या त्रिकोणातून. त्रिकोणाच्या टोकाला डिंक जेमतेम लावायचा आणि ते छातीच्या उजव्या कुशीला टेकवायचं. डिंक जास्त झाला की कुशीवरचे केस आणि खवले बुडाले. पंखाला चिमटा लागता कामा नये. डाग म्हणजे नुसते खवले. ते झडले की चाराचे तीन होतात आणि डास भलत्याच उपप्रजातीत जाऊन बसतो.

(दृश्य: नराच्या पोटाचं टोक, काचपट्टी)

पंखावर भागलं नाही तर नर घ्यायचा. पोटाचं टोक कापून दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर. स्नायू विरघळतात, कायटिन म्हणजे कठीण कवच उरतं. आकड्यासारख्या या दोन भागांच्या बुडाशी काटे दिसताहेत? चार ते सहांचा झुबका असला तर सेलिया. दोन-तीनच, आणि आतल्या बाजूला आणखी एक वेगळा काटा, तर उपप्रजाती ॲनाफिलीस. नर कोषातून नुकताच निघालेला नको. त्याचं हे टोक पहिल्या दिवसभरात १८० अंश फिरतं. घाईत मारलात तर सगळं उलटं दिसतं.

ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ थिओबाल्ड यांनी खवल्यांच्या आकारावरून भराभर प्रजाती पाडल्या. १९०२ची सेलिया त्यातलीच, इटलीचे मलेरिया-संशोधक अँजेलो चेल्ली यांच्या नावाची. १९१५मध्ये ख्रिस्टोफर्स यांनी नराच्या या अवयवांवरून गट मांडले. सेलिया पुढे उपप्रजाती झाली, आणि तीच तिची जागा.

(दृश्य: चिठ्ठीवर पेन)

ॲनाफिलीस (सेलिया) स्टीफेन्सी लिस्टन, १९०१. कंसात उपप्रजाती, शेवटी जातीचं नाव ठेवणारा आणि साल. लिस्टन कंसाबाहेर, कारण जात त्यांनी ठेवली त्याच प्रजातीत आजही आहे. आता हा डेंग्यूचा डास बघा: एडिस (स्टेगोमाया) इजिप्ती (लिनियस, १७६२). दुसरा कंस सांगतो की लिनियसनं हिला दुसऱ्या प्रजातीत टाकलं होतं. ती क्युलेक्स. मलेरियाच्या परजीवींचीही हीच रीत: प्लास्मोडियम (लॅव्हेरानिया) फाल्सिपेरम. वनस्पती आणि बुरशींच्या उपप्रजातीला कंस नाही. तिथं तिचा दर्जा संक्षेपानं लिहितात.

कंसातलं बदललं तरी जातीचं दोन शब्दी नाव हलत नाही. कंसाची सोय आहे ती हीच. २००४मध्ये स्टेगोमायाला प्रजाती केलं आणि डेंग्यूच्या डासाचं नावच बदललं. २०१५च्या फेरमांडणीत ती परत कंसात आली.

(दृश्य: पेटीतली रांग)

स्टीफेन्सीचं मूळ वर्णन एलिचपूरच्या डासांवरून झालं. म्हणजे आपलं अमरावती जिल्ह्यातलं अचलपूर. २०१२मध्ये तो पूर्व आफ्रिकेतल्या जिबूतीत सापडला, २०१६मध्ये इथिओपियात.

पेटीच्या कोपऱ्यात नॅफ्थलीनची पुडी. पावसाळ्यात बुरशीसाठी दर आठवड्याला झाकण उघडून बघायचं.