जवारीचा मेंदू

(दृश्य : मिरज, सतारमेकर गल्ली. तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस.)

हा उजवा हात बघा. दोन-तीन घासे, मग तार छेडायची, कान द्यायचा, परत घासायचं. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे सुराला गुंजन देणारी घोडीची घडण, लावतात ती अशी. घोडीच्या माथ्याला इतका हलका उतार द्यायचा, की थरथरणारी तार तिला टेकत-सुटत राहिली पाहिजे. तार आणि घोडीच्या मध्ये सुती दोरा सरकवला, की आवाज भरून येतो.

(दृश्य : कारागिराचा कान, जवळून.)

आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीत या थरथरीचे विद्युतसंदेश होतात. ते मस्तिष्कस्तंभातून वर चढतात आणि थॅलॅमस या मेंदूच्या मधल्या ठाण्यामार्गे कानशिलाच्या आत, मोठ्या मेंदूच्या श्रवणकेंद्रात पोचतात. सूर पारखला जातो तो इथं.

(दृश्य : बोटं.)

उजव्या हाताला हुकूम सुटतो डाव्या अर्धगोलातून. त्यात माथ्यापासून कानाच्या दिशेनं उतरणारी एक पट्टी आहे; शरीराचा एकेक भाग हलवायला तिच्यात जागा ठरलेली. अख्ख्या पाठीला तिच्यात जेमतेम जागा. बोटं आणि अंगठा मात्र ऐसपैस पसरलेत. मागे, मानेच्या वर, लहान मेंदू. वजनानं साऱ्या मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढा, पण सुमारे ८६०० कोटी चेतापेशींपैकी जवळजवळ ६९०० कोटी त्याच्याकडे! हात जायला हवा होता कुठं आणि गेला कुठं, हा फरक तो टिपतो. पुढचा घास सुधारतो.

(दृश्य : म्हातारे हात, शेजारी तरुण हात.)

हे शिकलेलं साठतं कुठं? अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन यांच्यावर १९५३ साली फिट्स थांबवण्यासाठी शस्त्रक्रिया झाली. दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाचा, बराच भाग काढला, आणि नव्या आठवणी टिकेनाशा झाल्या. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. दिवसागणिक हात सफाईदार झाला. आपण हे आधी केलंय, याचा मात्र त्यांना पत्ता नव्हता. म्हणजे प्रसंगाची आठवण वेगळी, हाताची वेगळी. हाताच्या आठवणीला लहान मेंदू आणि मेंदूच्या पोटातल्या बेसल गँग्लिया लागतात. तिथलं शब्दांत उतरत नाही. 'किती घासायचं?' असं विचारा. उत्तर म्हणून तारच छेडली जाते.

एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या हातून इथं वाद्यं घडू लागली, तेव्हापासून हे एकाशेजारी दुसऱ्यानं बसूनच पुढे आलंय. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शेजारी बसणारी पोरं कमी होत चाललीत.