कोरडा आकडा, ओला आकडा

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यात घरच्या बाईनं गाव सोडायचं नाही, असा आमच्या सांगोला तालुक्यात एक न लिहिलेला कायदा आहे. वर्षाच्या कुरडया, पापड, सांडगे, लोणच्याच्या कैऱ्या, माहेरपणाला आलेल्या नणंदा, सगळं याच महिन्यात. आणि नेमक्या त्याच महिन्यात मी, जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका, पिशवी भरून पुण्याला निघाले. शिक्षकांसाठी उन्हाळी कार्यशाळा होती, विषय हवामानशास्त्र. सासूबाई कुरडयांचा चीक घाटता घाटता म्हणाल्या, "हवा शिकायला पुण्याला? इथं काय हवा नाही?"

आहे ना. भरपूर आहे. पण ती मोजायची कशी, हे मी इतकी वर्षं पुस्तकातून वाचून दाखवत होते. पुस्तकात वायुभारमापकाचं चित्र असतं, त्याच्याखाली 'नावे द्या' असतं, मुलं नावं देतात, गुण मिळतात, संपलं.

पुण्यात आम्हाला शिवाजीनगरची वेधशाळा दाखवली. पुणेकर तिला सिमला ऑफिस म्हणतात. हवामान खातं स्थापन झालं १८७५ साली. त्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, पुढं १९४४ मध्ये दिल्लीला गेलं, आणि नाव मात्र इथल्या चौकाला कायमचं चिकटलं. याच खात्यात पुण्याला १९४८ साली अण्णा मणी नावाच्या बाई रुजू झाल्या. तोवर आपल्याकडची बरीच उपकरणं परदेशातून यायची. मणीबाईंनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून घेतले, म्हणजे ती इथंच बनवता यावीत. आमच्या पाठ्यपुस्तकात शास्त्रज्ञांच्या चित्रांची रांग असते, त्यात या बाई असायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे. असो.

तिथं चार पायांवर उभी असलेली एक पांढरी लाकडी पेटी असते. चारी बाजूंना झडपा, दार उत्तरेला, म्हणजे दार उघडलं तरी ऊन आत शिरत नाही. जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर आत तापमापक ठेवलेले. तुम्ही पेपरात 'सोलापूर ४२' वाचता ना, तो आकडा या सावलीतल्या पेटीतला असतो. सावलीतला, बरं का. डांबरी रस्त्याचा नाही, पत्र्याचा नाही, तुमच्या मोटारसायकलच्या सीटचा तर नाहीच. मोबाईलवर पारा ४७ दिसतोय म्हणून जे लोक फोटो काढून पाठवतात, आणि त्यावर ज्या वाहिन्या 'सूर्य आग ओकतोय' म्हणून दिवसभर ओरडतात, त्यांना एकदा या पेटीपुढं उभं केलं पाहिजे.

पेटीत एक तापमापक साधा, कोरडा. त्याच्या शेजारी दुसरा, त्याच्या फुग्याला मलमलीचं फडकं गुंडाळलेलं आणि ते सतत ओलं ठेवलेलं. एक कोरडा, एक ओला. हे दोन लक्षात ठेवा, श्रोतेहो. कोरडा आणि ओला. कारण आता जी गोष्ट मी सांगणार आहे, ती या दोघांचीच आहे. मी ती शाळेत सांगितली आहे, लग्नाच्या पंगतीत सांगितली आहे, आणि आज आकाशवाणीनं माईक दिलाय तर सोडत नाही.

कार्यशाळेत आमच्याबरोबर वर्ध्याचे एक गुरुजी होते. निवृत्तीला टेकलेले, डोक्याला पांढरा दुपट्टा, आवाज खणखणीत. आणि गुहागरच्या एक बाई होत्या. शिस्तीच्या, काटकसरी, संध्याकाळी गप्पा मारतानाही हात रिकामा नको म्हणून कापूस घेऊन देवाच्या लांब वाती वळत बसायच्या. राहायची सोय एकाच वसतिगृहात, खालच्या मजल्यावर पुरुष, वर आम्ही बायका.

भांडणाचं कारण पंखा. गुरुजी सकाळी वर्गाला जाताना खोलीतला पंखा चालूच ठेवून जायचे. बाई जिन्यावरून येता-जाता बघायच्या. एक दिवस राहवलं नाही, भर जेवणाच्या टेबलावर म्हणाल्या, "गुरुजी, रिकाम्या खोलीत पंखा कुणासाठी फिरतो?"

गुरुजी म्हणाले, "खोली थंडी राहते ना जी. वापस आलो का बरं वाटते."

"पंख्यानं खोली गार होत नाही."

"काऊन नाही होत? तुमाले उन्हाचं काय मालूम, बाई? तुमच्या समुद्राकाठी तेहतीस झाले का तुम्ही पदरानं वारा घेता. आमच्या इकडे चव्वेचाळीसात लगन लागते!"

"मग लावा लग्नं. पण वीज काही तुमच्या तीर्थरूपांची नाही."

झालं. टेबलावर पोळ्या वाढणारा मुलगासुद्धा थांबून ऐकायला लागला. शेवटी पैज ठरली. पंख्यानं खोलीचं तापमान उतरलं तर बाईंनी हापूसची पेटी द्यायची, नाही उतरलं तर गुरुजींनी नागपूरहून संत्रा बर्फी मागवायची. पंच म्हणून आम्हाला शिकवणारे सर, ते निवृत्त हवामानतज्ज्ञ. ते बिचारे दुपारची झोप घेत होते, त्यांना उठवून आणलं.

गुरुजींची खोली. दुपारचे अडीच. पंखा बंद, दारं-खिडक्या नेहमीसारख्या. कार्यशाळेत मिळालेला काचेचा तापमापक दोरीनं खोलीच्या मधोमध टांगला. आकडा ३६. पंखा पूर्ण वेगानं लावला. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आकडा ३६. गुरुजी तापमापकाला टिचक्या मारायला लागले. सर म्हणाले, "गुरुजी, तो ताप उतरलेला पेशंट नाही, टिचक्या मारून काही होणार नाही." आकडा ३६ म्हणजे ३६. बाई वात वळत वळत फक्त हसल्या. बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

पण गुरुजी काही साधे नव्हते. त्यांनी दुपट्ट्यानं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "तापमापकाले थंडं वाटत नसन, मले तर वाटून राह्यलं ना! मग मी खोटा का?"

आता हा प्रश्न, श्रोतेहो, आख्ख्या कार्यशाळेतला सगळ्यात चांगला प्रश्न होता. सर त्यावर काही बोलणार, तेवढ्यात गुहागरच्या बाई पुढं आल्या. स्वतःच्या हातातली वात त्यांनी तापमापकाच्या फुग्याला दोन-तीन वेढे देऊन गुंडाळली, तांब्यातलं पाणी त्यावर थेंब थेंब सोडलं, आणि तापमापक पुन्हा पंख्याखाली टांगला. ३५, ३३, ३०. आम्ही मोठ्यानं आकडे वाचत होतो. २७, २५. पारा २२ वर येऊन थांबला. खोली तीच, पंखा तोच. कोरडा आकडा ३६, ओला आकडा २२. चौदा अंशांचा फरक, एका देवाच्या वातीनं.

सर म्हणाले, "पंखा हवेला गार करत नाही. अंगावरचा घाम वाळवतो, त्यानं अंग गार होतं. गुरुजी खरे आणि बाईही खऱ्या. रिकाम्या खोलीत घाम कुणाला येणार? पंखा बंद करून जात जा."

गुरुजी एकदम ओरडले, "हेच तर कूलर! वाळ्याची ताटी, पाणी आन पंखा! आमच्या कूलरचं हेच तर तंत्र आहे!"

त्यावर बाई म्हणाल्या, "मग आमच्याकडे का चालत नाही? आमच्या धाकट्या जावेनं हौसेनं कूलर आणला. तीन दिवसांत उशा ओल्या झाल्या, आणि घाम होता तसाच."

आता सर खुलले. म्हणाले, "घरी फोन लावा." बाईंनी दिरांना फोन लावला. शाळेच्या कपाटाची किल्ली शेजारच्या मावशींकडं, तापमापक विज्ञानाच्या खणात, वाती देवघरात, अशा सगळ्या सूचना स्पीकरवर चालल्या. दीर बिचारे आज्ञाधारक. तिकडं वर्ध्याला गुरुजींचा मुलगा, तोही एका हायस्कुलात शिक्षक. अर्ध्या-पाऊण तासात दोन्हीकडून आकडे आले आणि सरांनी ते खडूनं खोलीच्या दारावरच लिहिले. गुहागर: कोरडा ३३, ओला २८. वर्धा: कोरडा ४४, ओला २३.

पुन्हा सांगते, कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या. गुहागर, कोरडा ३३, ओला २८. वर्धा, कोरडा ४४, ओला २३. म्हणजे कोरड्या आकड्यात वर्धा अकरा अंशांनी वर, आणि ओल्या आकड्यात गुहागर पाच अंशांनी वर!

गुरुजी बराच वेळ दाराकडं बघत राहिले. मग हात जोडून म्हणाले, "बाई, तुमचे तेहतीस काही साधे नाहीत." आणि पैजेचं काय? ती बरोबरीत सुटली असं दोघांनीही मानलं नाही. दोघंही आपणच जिंकलो म्हणून सांगत होते. शेवटी बर्फीही आली आणि पेटीही आली, हापूस सरत आला होता तरी. खाल्लं आम्ही.

आता गोष्टीत बराच वेळ गेला, थोडक्यात सांगते. हवा कोरडी असली की पाणी भराभर वाळतं, वाळताना उष्णता घेऊन जातं. हवा आधीच दमट असली की पाणी वाळायला जागाच नाही. कूलर हवेला जास्तीत जास्त ओल्या आकड्यापर्यंत उतरवू शकतो, त्याच्या खाली नाही. वर्ध्यात ४४ वरून २३ कडं, केवढी मोठी उतरण. गुहागरात ३३ वरून फार तर २८, शिवाय घरात दमटपणाची भर. आपल्या अंगाचंही तसंच. कातडीचं तापमान ३५च्या आसपास असतं, घाम वाळला तर ते ताब्यात राहतं. ओला आकडा ३५ला पोचला तर घाम गळतो पण वाळत नाही, आणि धडधाकट माणसाचाही निभाव लागत नाही. त्रास तर त्याच्या पुष्कळ आधी सुरू होतो.

म्हणूनच हवामान खात्याची उष्णतेच्या लाटेची मोजपट्टी सगळीकडं एक नाही. मैदानी भागात पारा किमान ४० असावा लागतो, किनारपट्टीवर ३७ पासूनच विचार होतो. नेहमीच्या सरासरीपेक्षा तो किती वर गेला, हेही बघतात. १६ एप्रिल २०२३ला खारघरला भर उन्हात मोठा सोहळा झाला आणि उष्माघातानं माणसं दगावली, ते आठवत असेल. त्या दिवशी तिकडं पारा होता ३८च्या आसपास. आम्ही सोलापूरकर ३८ला हसतो. खाडीकाठी, उघड्या उन्हात, तासन्‌तास बसलेल्या माणसाला ३८ म्हणजे काय, ते कोरडा आकडा सांगत नाही. कोरडा आकडा अर्धंच सांगतो, श्रोतेहो. ओला आकडा विचारा.

जाता जाता माठाबद्दल बोलू द्या. हल्ली बाजारात स्टीलचे माठ मिळतात. स्टीलला पाझर नाही, पाझर नाही तर वाळायचं काय, आणि गार व्हायचं कसं? तो माठ नव्हेच, ती टाकी. मातीच्या माठाला बाहेरून ऑइलपेंट फासून त्यावर मोर काढतात, तेही तेच. भोकं बुजली, कारभार संपला. आमच्या मुख्याध्यापकांनी शाळेसाठी असलाच मोराचा माठ आणला होता. कार्यशाळेहून आल्यावर मी तो वर्गातल्या पेन-पेन्सिली ठेवायला घेतला आणि कुंभाराकडून साधा लाल माठ आणवला. मुख्याध्यापकांना अजून मोराचं वाईट वाटतं.

शाळेत आता व्हरांड्यात दोन तापमापक टांगलेत. एकाला वात, वातीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. पाचवी-सहावीची मुलं पाळीपाळीनं दुपारी अडीचला आकडे लिहितात. मेमध्ये आमच्याकडं फरक अठरा-एकोणीसपर्यंत जातो. जूनच्या सुरुवातीला, पाऊस यायच्या आधीचे जे घामट, चिकचिकीत दिवस असतात ना, तेव्हा गंमत बघायला मिळते. कोरडा आकडा उतरत असतो, पेपर म्हणतो पारा उतरला, दिलासा मिळाला, आणि घरोघरी माणसं जास्तच वैतागलेली असतात. कारण ओला आकडा वर चढत असतो. पाऊस धरला की दोघं अगदी जवळ येतात, दोन-तीन अंशांवर.

तुम्हाला करून बघायचं असेल तर ताप बघायचा तापमापक चालणार नाही, शाळेच्या प्रयोगशाळेतले साधे दोन घ्या. सावलीत टांगा, भिंतीला चिकटवू नका, वात सुती हवी आणि पाणी स्वच्छ. क्षाराचं पाणी असेल तर वात दर आठवड्याला बदला, नाहीतर ती कडक होते आणि आकडा चुकतो. ओला तापमापक वाचायच्या आधी त्याला पुठ्ठ्यानं चांगला वारा घाला. आणि दोन्ही आकडे लिहा. दोन्ही. कोकणातल्या, विदर्भातल्या शाळांनी आपापले आकडे कळवले तर मला हवेच आहेत, आकाशवाणीच्या पत्त्यावर पाठवा, इथली मंडळी माझ्यापर्यंत पोचवतील.

नमस्कार.